कागदविरहित न्यायाचा विजय असो

ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. उद्दिष्ट कागदविरहित न्यायालय! गंगाखेडच्या वकीलमंडळींनी या क्रांतीचे स्वागतच करावे. दावा टाइप करावा, छापावा, पक्षकाराची सही घ्यावी, स्कॅन करून पीडीएफ पोर्टलवर चढवावी (लाइट असल्यास) आणि खात्रीसाठी तीच पुन्हा छापून, टॅग बांधून दाखल करावी. आमची नम्र सूचना : त्या छापील प्रतीचेही स्कॅन जोडावे, म्हणजे मूळ प्रत कोणती यावर स्वतंत्र दावा लावता येईल. अशिलाची तर चैनच. पूर्वी पुढच्या तारखेसाठी पिंपळदरीहून एसटीने यावे लागे. आता ती घरबसल्या मोबाइलवर येते. नातवाने ॲप उघडून पाहिले : वादी अजून आजोबाच आहेत.