लिटरला किती?

कोल्हापुरात नवी गाडी दारात उभी राहिली, की पेढा तोंडात जायच्या आत प्रश्न येतो, "अ‍ॅव्हरेज किती देती?" विचारणाऱ्याला गाडी घ्यायची नसते आणि सांगणाऱ्याला खरं सांगायचं नसतं. आमचे दाजी तर समोरचा माणूस बघून आकडा ठरवतात. भाऊबंद असला तर पंधरा, सासुरवाडीचा असला तर अठरा.

या दाजींनी यंदा आपल्या धिप्पाड डिझेल गाडीला मागं हूक बसवला, दोनचाकी ट्रॉली जोडली आणि गुऱ्हाळावरचा गूळ मालवणच्या व्यापाऱ्याकडं स्वतःच पोचवायचा घाट घातला. टेम्पोचं भाडं वाचणार होतं. "पाव्हणं, ह्या गाडीला वझं कळत बी न्हाई," म्हणाले. तीस-तीस किलोचे रवे रचले, वर ताडपत्री टाकली आणि हिशेबाला मला शेजारी बसवलं.

फुलेवाडी मागं पडली आणि गाडीच्या पडद्यावरचा आकडा घसरायला लागला. कळ्यापर्यंत नऊवर आला. दाजींनी सगळा राग गुळावर काढला. "टनभर वझं हाय न्हवं मागं!"

गुळाची बाजू घ्यायला गाडीत मी एकटाच होतो. करूळ घाटाची उंची साधारण 600 मीटर. टनभर गूळ पायथ्यापासून गगनबावड्यापर्यंत उचलायचा, तर सुमारे साठ लाख ज्यूल लागतात. लिटरभर डिझेलमध्ये साडेतीन कोटींच्या वर असतात. त्यातले दोन हिस्से इंजिन उष्णतेत घालवतं, तिसरा चाकापर्यंत पोचतो असं धरलं, तरी अख्ख्या टनाला घाट चढवायचा खर्च अर्धा लिटर. अर्धा! लग्नातल्या जनरेटरला याहून जास्त लागतं. मग बाकीचं डिझेल जातं कुठं? वाऱ्यात आणि ब्रेकात. वेग दीडपट केला की हवेचा विरोध सव्वादोनपट होतो, आणि दाजी साठवरून नव्वदवर कधीच गेले होते. त्यात प्रत्येक गावात स्पीडब्रेकर. तिथं करकचून ब्रेक, पुढं पुन्हा पाय खाली. मागं ताडपत्री फडाफडा वाजत होती ती वेगळीच.

हे सगळं मी दाजींना सांगितलं. त्यांनी गाण्याचा आवाज वाढवला.

साळवणजवळ चहाला थांबलो. शेजारी उसाच्या दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर उभा होता. दाजींना राहवलं नाही. "किती देतोय रं?"

"कोन बगतंय मालक? आमचं तासावर असतंय. खेप झाली की डिझेल मोजायचं." ड्रायव्हरनं आमच्या ट्रॉलीभोवती एक चक्कर मारली, ताडपत्रीची दोरी दोन बोटांनी उचलून बघितली. मग पाय ट्रॉलीला लावून त्यानं ती अशी आवळली, की खालच्या रव्यांचे कोपरे वरून मोजता यावेत. "आन् जरा दमानं जावा. कारखाना कुठं पळून जातोय?" आम्ही कारखान्याला जात नव्हतो, पण मुद्दा बरोबर होता. चहा संपवून तो निघाला. आवाज डीजेचा, वेग बैलाचा.

त्याचं ऐकलं म्हणावं, तर दाजी ते कबूल करणार नाहीत; पण पुढं काटा साठाच्या वर गेला नाही आणि पडद्यावर अकरा दिसायला लागले. घाट उतरताना गाडी दुसऱ्या गिअरात घातली, पाय उचलला. अशा वेळी इंजिनाचं डिझेल बंद होतं, चाकंच इंजिनाला फिरवतात, आणि पडदा बिचारा भागाकार करता करता थेट 99.9 दाखवतो. दाजींनी मला त्याचा फोटो काढायला लावला. वैभववाडी यायच्या आत तो भाऊबंदांच्या ग्रुपवर होता. खाली ओळ: 'ट्रॉलीसकट.'

मालवणात गूळ उतरवला, बांगडा खाल्ला, परत फिरलो. करूळ चढताना ट्रॉली रिकामी, वेग तीस, ताडपत्री घडी घालून सीटखाली. आकडा सहा. दोन टनांच्या वरची गाडी स्वतःलाच उचलत होती, पण हे सांगायची ती वेळ नव्हती. दोष द्यायला आता गूळही उरला नव्हता.

एका वळणावर दाजींनी माझ्याकडं नीट निरखून बघितलं.

"पाव्हणं, तुमचं वजन किती भरतंय ओ?"