वाद ठळक, पुस्तकं बारीक

वाद झालेल्या एखाद्या लेखकाचं विकिपीडियावरचं पान उघडा. जन्म, गाव, शिक्षण दोन ओळींत उरकलेलं. पुढे पुस्तकांची यादी, नुसती नावं आणि सालं. मग 'वाद' हा विभाग येतो आणि लिहिणाऱ्याचा हात एकदम सुटतो. तारीख, संघटना, निषेध, खुलासा, माफी. जवळपास प्रत्येक वाक्यापुढे संदर्भाचा आकडा.

बऱ्याचदा त्यात एक अक्षरही खोटं नसतं.

तरीही त्या लेखकावर अन्याय झालेला असतो. तो कसा?

विकिपीडियाचा तटस्थतेचा नियम सरळ आहे. स्वतःचं मत नको. भरवशाच्या ठिकाणी जे छापून आलंय ते, ज्या प्रमाणात आलंय त्या प्रमाणात मांडा. नियमात खोट नाही. पण मोर्चा निघाला की दहा वर्तमानपत्रांत बातमी येते. कादंबरीचं परीक्षण एखाद्या मासिकात येतं आणि ते मासिक पुढच्या दिवाळीच्या आवराआवरीत रद्दीत जातं. मग प्रमाण कुठलं धरणार?

आनंद यादवांचं उदाहरण घ्या. 'गोतावळा' १९७१ची. गावच्या बोलीत लिहिलेली. मळ्यावर राबणारा नारबा हा तिचा नायक. ट्रॅक्टर येतो आणि ज्या जनावरांना तो आपली माणसं मानत आला, ती एकेक करून दावणीवरून जातात. शेतीच्या यांत्रिकीकरणावर आपल्याकडे परिसंवाद ढिगाने झाले, पण ते दुःख आतून सांगणारं असं पुस्तक मराठीत दुसरं कुठलं? पुढे 'झोंबी'. शिकायचं म्हणून बापाशी झगडणारा कागलचा पोरगा. त्या पुस्तकाला १९९०चा साहित्य अकादमी पुरस्कार.

आणि २००९. 'संतसूर्य तुकाराम' या त्यांच्या कादंबरीवरून वारकरी संतापले. यादवांनी माफी मागितली, पुस्तक मागे घेतलं गेलं, महाबळेश्वरच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्षपदही सोडावं लागलं. संमेलन अध्यक्षाविना पार पडलं.

आता सांगा, यातल्या कशाचे संदर्भ दहा मिनिटांत सापडतील? वाद झाला तोवर वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली होती. 'गोतावळा'ची चर्चा झाली ती मासिकांच्या पिवळ्या पडलेल्या पानांत.

म्हणून 'वाद' हा विभागच उडवायचा?

अजिबात नाही. ती दुसरी लबाडी. लेखकाचे चाहते हेच करतात. 'थोर', 'सिद्धहस्त', 'अष्टपैलू' असले शब्द पेरायचे आणि अडचणीचा परिच्छेद रात्रीतून गायब करायचा. पानाच्या 'इतिहास पहा'मध्ये ही सगळी झटापट नोंदलेली असते. एकाने काढलं, दुसऱ्याने परत लावलं, तिसऱ्याने 'संदर्भ हवा'ची पाटी ठोकली. कधी वाचून पाहा. लेखापेक्षा खरी गोष्ट तिथे कळते.

काही वाद तर लेखनाच्या पोटातूनच येतात. ऑस्ट्रियन लेखक पीटर हांडकेला २०१९चं साहित्याचं नोबेल मिळालं. १९९६ साली त्याने सर्बियाची बाजू मांडणारं प्रवासवर्णन लिहिलं, २००६ साली युद्धगुन्ह्यांचे आरोप असलेल्या सर्ब नेत्याच्या, मिलोसेविचच्या, अंत्यविधीला जाऊन तो बोलला. हे वगळून हांडकेवर लिहिणं म्हणजे वाचकाला फसवणं. प्रश्न वाद ठेवायचा की काढायचा हा नाहीच. त्या वादाचा लेखकाच्या लेखनाशी संबंध काय, हे सांगितलंय का? हांडकेबाबत ते सांगितल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. आपल्याकडे मोर्च्याची तारीख टाकली की काम झालं.

मग लेखकालाच विचारावं?

फिलिप रॉथने २०१२मध्ये स्वतःच सांगून पाहिलं. 'द ह्यूमन स्टेन' या त्याच्या कादंबरीचा नायक अनातोल ब्रॉयार्ड या समीक्षकावर बेतलाय, असा उल्लेख तिच्या पानावर होता. रॉथ म्हणाला, चूक. कादंबरी सुचली ती मेल्विन ट्युमिन या प्राध्यापक मित्रावर प्रिन्स्टनमध्ये गुदरलेल्या प्रसंगावरून. विकिपीडियाचं उत्तर आलं, तुमचा अधिकार मान्य, पण दुय्यम स्रोत हवा. रॉथने 'न्यू यॉर्कर'मध्ये लांबलचक जाहीर पत्र लिहिलं. छापून आल्यावर तेच पत्र संदर्भ झालं.

जग हसलं. मला मात्र विकिपीडियाचं बरोबर वाटतं. ब्रॉयार्डचा तर्क परीक्षणांतून छापून आलेला होता. लेखक नाही म्हणाला म्हणून तो कधी झालाच नव्हता, असं कसं लिहायचं? दोन्ही द्यावं, कोण काय म्हणालं ते द्यावं. पानाची मालकी लेखकाला दिली, तर वादग्रस्त म्हणावा असा एकही लेखक जगात उरणार नाही.

मालकी मूठभरांकडे गेली तर काय होतं, तेही पाहून झालंय. क्रोएशियन विकिपीडिया जवळपास दशकभर राष्ट्रवादी प्रचालकांच्या, म्हणजे ॲडमिनच्या, टोळक्याच्या ताब्यात होता. २०२१मध्ये विकिमीडिया फाउंडेशननेच अहवाल काढून ते मान्य केलं. भाषा लहान, लिहिणारे थोडे, हटकणारे त्याहून थोडे.

मराठीत हटकणारे किती आहेत?

आपल्याकडे कोशांची परंपरा दांडगी. केतकरांनी ज्ञानकोश काढला, आणि ते स्वतः वाद ओढवून घेणारे कादंबरीकार होते. वाईहून निघालेल्या मराठी विश्वकोशात नोंदीखाली लिहिणाऱ्याचं नाव असतं. मजकूर पटला नाही तर कोणाशी भांडायचं ते ठाऊक असतं. विकिपीडियावर बहुतेकदा टोपणनाव असतं, पण भांडायला चर्चा पान आहे, दुरुस्त करायला 'संपादन' आहे. तिथे जायचं सोडून आपण फेसबुकवर स्क्रीनशॉट टाकतो, 'बघा, कसं पक्षपाती!' म्हणतो आणि झोपतो.

संदर्भ इंटरनेटवरच असावा, असं विकिपीडियाचा नियम कुठेही म्हणत नाही. छापील मासिक चालतं. मासिकाचं नाव, अंक, वर्ष, पान क्रमांक, बस्स. 'सत्यकथा', 'आलोचना', 'नवभारत', 'ललित'चे जुने अंक ग्रंथालयांत अजून आहेत. विद्यापीठांच्या मराठी विभागांत प्रबंधांचे गठ्ठे आहेत. एम.ए.च्या वर्गाला तोच तो प्रकल्प पुन्हा देण्यापेक्षा प्रत्येकाला एक कादंबरी द्या, तिची परीक्षणं शोधायला लावा आणि संदर्भांसह तिचं पान लिहून घ्या. मार्क त्याचेच द्या.

पहिली 'गोतावळा' घ्या.