फुकटच्या वायफायचे बिल

युरोपच्या सहलीला निघालेल्या मराठी माणसाला आयफेल टॉवर कुठून चांगला दिसतो हे कळायला वेळ लागतो. वायफाय कुठल्या खांबापाशी पकडते हे मात्र बसमधून उतरताच कळते. हॉटेलात खोलीच्या किल्लीआधी पासवर्ड मागणारे आणि लुव्रमध्ये मोनालिसाकडे पाठ करून फोन उंच धरणारे बहुधा आपलेच असतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. बोर्डिंग पास फोनवर, बस सुटायची वेळ टूर लीडरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आणि घरी आजीने गोळ्या घेतल्या का, तेही तिथेच. तक्रार आहे ती ‘फुकट ते पौष्टिक’ या श्रद्धेबद्दल. लाखो रुपये मोजून मिळालेल्या दिवसांतले तास ज्याच्यापायी जातात, ते फुकटचे वायफाय परदेशातले सर्वांत महाग इंटरनेट ठरते.

हिशेब बघा. फोन वायफायला जोडला तरी पान उघडत नाही, कारण हल्ली बहुतेक संकेतस्थळांची ये-जा सांकेतिक रूपात चालते आणि वायफायवाल्याच्या लॉगिनच्या पानाला मध्ये घुसायला वाव उरत नाही. ते पान उघडलेच, तर अटी इटालियनमध्ये. त्या समजून घ्यायला भाषांतर हवे आणि भाषांतराला इंटरनेट. काही ठिकाणी पुढे मोबाइल नंबर मागतात. त्यावर ओटीपी येतो, आणि तो ज्या भारतीय सिमवर यायचा ते सिम ‘उगाच बिल नको’ म्हणून घरच्या कपाटात सुखरूप असते. बरे, या अडवणुकीला इतिहासही आहे. लंडनच्या बॉम्बस्फोटांनंतर, २००५ मध्ये, इटलीने सार्वजनिक इंटरनेट वापरणाऱ्याची ओळख नोंदवणे सक्तीचे केले. ही सक्ती २०१० अखेरपर्यंत टिकली. जर्मनीत कुणा गिऱ्हाइकाने खुल्या वायफायवरून चोरून सिनेमा उतरवला, तर वकिलाची नोटीस मालकाच्या दारात येई. २०१७ मध्ये कायदा बदलेपर्यंत तिथला कॅफेवाला केक हसत देई आणि पासवर्डाचे नाव काढले की गंभीर होई.

‘आम्ही तिकडे इंटरनेट बघायला जातो का?’ हा आक्षेप ठरलेलाच, आणि तो अर्धा खरा आहे. नकाशावरचा निळा ठिपका उपग्रहांकडून येणाऱ्या संकेतांवर चालतो, त्याला डेटा लागत नाही. घरूनच नकाशा उतरवून नेला तर व्हेनिसच्या गल्ल्यांत हरवायचे कारण नाही. भाषांतराची भाषाही तशीच आधी उतरवून ठेवता येते. पण गाडीचा फलाट ऐनवेळी बदलला, तर निळा ठिपका चुकीच्या फलाटावर तितक्याच आत्मविश्वासाने उभा राहतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार: भारतातूनच रोमिंग पॅक घेऊन जावा, नंबर तोच, कटकट नाही. दोन-चार दिवसांच्या कामाला हे ठीक आहे. पण रोमिंगमध्ये डेटा बहुधा आधी आपल्या मूळ कंपनीच्या यंत्रणेकडे येतो आणि तिथून पुढे जातो. म्हणजे पॅरिसमध्ये उभे राहून पॅरिसच्या मेट्रोचे वेळापत्रक विचारावे, तर प्रश्न भारतात जाऊन येतो. (चीनमध्ये हाच वळसा वरदान ठरतो: तिथे बंद असलेले गूगल रोमिंगवर सहसा चालते.) दोन आठवड्यांच्या सहलीला त्यापेक्षा युरोपातले प्रीपेड सिम किंवा ई-सिम बरे. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघात सभासद देशांमधले रोमिंगचे जादा शुल्क रद्द झाले आहे, त्यामुळे पॅरिसला घेतलेले सिम रोममध्येही साधारण त्याच दरात चालते. सिम घेताना अनेक देशांत पासपोर्ट दाखवावा लागतो, तेवढे काम पहिल्याच दिवशी उरकावे. भारतीय सिम फोनमध्येच असू द्यावे, डेटा बंद आणि एसएमएस चालू ठेवून. बँकेचा ओटीपी तिथेच येणार.

सहलीत स्वित्झर्लंड असेल तर मात्र सिम घेतानाच तो देश यादीत आहे का ते विचारा. तो युरोपीय संघात नाही, त्याला हा नियम लागू नाही, आणि सिमच्या कंपनीने त्याचा समावेश केला नसेल तर तिथले दर झोप उडवणारे असू शकतात. शेंगेनमुळे सीमेवर बस थांबेलच असे नाही, तेव्हा यादीत नसेल तर डेटा रोमिंग आधीच बंद करा.