तारुण्याची वसुली

पुरुषाचे तारुण्य नेमके कोणत्या दिवशी संपते, या प्रश्नाचा निकाल वैद्यकशास्त्राने अद्याप दिला नसला, तरी सरकारने तो केव्हाच देऊन टाकला आहे. वयाची अठ्ठावन्न वर्षे ज्या महिन्यात पूर्ण होतात, त्या महिन्याच्या अखेरच्या दिवशी, कचेरी सुटण्याच्या सुमारास, शाल, श्रीफळ आणि कनिष्ठांची भाषणे यांच्या साक्षीने ते रीतसर संपते. ज्याच्या मखलाशीवाचून तालुक्यातला एक कागद पुढे सरकत नव्हता, त्या गृहस्थाला दुसऱ्याच दिवशी आपला उत्साह मावळला आहे, झोप तुटक झाली आहे, पोट पुढे आणि केस मागे चालले आहेत, असे एकामागून एक साक्षात्कार होऊ लागतात. आणि सारा जन्म ज्याने इतरांच्या थकबाकीचे तक्ते तयार केले, तो स्वतःच्या देहाची थकबाकी काढावयास बसतो. मीही महसूल खात्यातूनच निवृत्त झालो असल्यामुळे ही विद्या मला निराळी शिकावी लागली नाही.

पर्वतीच्या पायथ्याशी आमचा जो प्रातःकालीन कट्टा भरतो, त्यास एक मुख्याध्यापक, एक कार्यकारी अभियंता, एक बँकेचे अधिकारी आणि मी, असे चौघे माजी सत्ताधीश नित्यनेमाने हजर असतो. पूर्वी तेथे महागाई भत्ता आणि मोतीबिंदू हे दोनच विषय चालत. हल्ली मात्र टेस्टोस्टेरॉन या तिसऱ्या विषयाने, त्याचा उच्चार करताना मुख्याध्यापकांची कवळी दर वेळी दगा देत असूनही, पहिल्या दोघांना मागे टाकले आहे. आमच्या तरुणपणी गेलेले पौरुष परत मिळवून देणाऱ्या वैद्यांच्या जाहिराती रेल्वेमार्गालगतच्या भिंतींवर रंगवलेल्या असत, आणि त्या दिसू लागताच सभ्य गृहस्थ डब्यातील दुसऱ्या बाजूच्या खिडकीतून निसर्गशोभा न्याहाळू लागत. आता शिलाजीत, अश्वगंधा, सफेद मुसळी, कवचबीज आणि गोखरू ही सारी मंडळी थेट खिशातल्या फोनवर दाखल होतात. आणि माझा फोन बहुतेक वेळ नातवाच्या हाती असल्यामुळे, ‘आजोबा, पन्नाशीनंतरही रात्रभर जोश म्हणजे काय हो?’ असा सवाल भर पंगतीत विचारला जातो. सूनबाई पाणी आणावयास आत जातात, चिरंजीव ताटातील लोणच्याचे सूक्ष्म निरीक्षण करू लागतात, आणि उत्तर देण्याची जबाबदारी, जोश ओसरून गेलेल्या एकमेव इसमावर येऊन पडते.

ही आकांक्षा आजकालची आहे, असे मात्र कोणी समजू नये. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी रसायन आणि वाजीकरण ही दोन अंगे, म्हणजे शास्त्राचा चतुर्थांश मुलूख, आमच्यासारख्यांच्याच नावे लावून दिलेला आहे. आणि चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात पहिला अध्याय रसायनाचा, दुसरा वाजीकरणाचा, आणि अंगात फणफणणाऱ्या ज्वराची पाळी तिसऱ्या अध्यायात येते, यावरून त्या काळच्या वैद्यांकडे कोणत्या वयाची आणि कोणत्या ऐपतीची मंडळी अधिक येत असावीत, याची अटकळ बांधता येते. च्यवनप्राशाच्या मूळ कृतीत पाचशे आवळे मोजून घ्यावयास सांगितले आहेत, ते मंडईत मिळतात; परंतु वाजीकरणाच्या एका कृतीत चिमण्या, हंस, कोंबड्या व मोर यांच्या जोडीने मगरीच्याही अंड्यांची मागणी आहे, आणि ती पुरवणारा वाणी सदाशिव पेठेत अद्याप निघालेला नाही. एवढ्याने ज्यांचे भागत नसे त्यांच्यासाठी कुटीप्रावेशिक विधी होता: एकात एक अशा तीन गर्भांची कुटी बांधून, ऊन-वाऱ्याचा स्पर्श टाळून, रसायनाचे सेवन करीत आत राहावयाचे. पंडित मदनमोहन मालवीयांसारख्या थोर पुरुषाने १९३८ साली, वयाची पंचाहत्तरी उलटल्यावर, असा कायाकल्प करून घेतला. ही हकिकत मी कट्ट्यावर निवेदन केली, तेव्हा अभियंत्यांनी कुटीचे अंदाजपत्रक विचारले, आणि बँकेच्या साहेबांनी, आत वर्तमानपत्र येते का, एवढीच पृच्छा केली.

महसुली माणसाला एक खोड असते. जमेची रक्कम दिसली, की ती कोणाच्या नावे पडली हे पाहिल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. पुरुषाच्या पुनर्यौवनाचा सारा इतिहास मी या दृष्टीने तपासून पाहिला, आणि वृद्धाच्या खाती जमा झालेले तारुण्य जवळजवळ दर वेळी दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल केलेले असते, ही गोष्ट मला स्वच्छ दिसून आली. ययातीला सासऱ्याच्या, म्हणजे शुक्राचार्यांच्या, शापाने अकाली वार्धक्य आले. त्याने पाचही मुलांकडे तगादा लावला. चौघांनी साफ नकार दिला, आणि धाकट्या पुरूने आपले तारुण्य बापाच्या हवाली केले. हजार वर्षे ते वापरून झाल्यावर ययातीने मुद्दल परत केले व झिजेपोटी राज्य देऊन खाते मिटवले, याबद्दल त्याला विरक्त म्हणण्याचा प्रघात आहे. हजार वर्षांनी विरक्त होण्यास मीही तयार आहे. च्यवन ऋषींनी त्याहून चतुर व्यवहार केला. अश्विनीकुमारांनी त्यांना सरोवरात बुडी मारावयास लावून तरुण केले, आणि त्या मोबदल्यात च्यवनांनी इंद्राचा विरोध मोडून काढून त्यांना यज्ञातील सोमरसाचा हिस्सा मिळवून दिला. म्हणजे वैद्यांचे देणे परस्पर इंद्राच्या तिजोरीतून भागले.

युरोपात हीच वसुली शास्त्रीय पद्धतीने सुरू झाली. १८४९ साली ग्यॉटिंगेन येथे बेर्टोल्ड नावाच्या प्राध्यापकाने काही कोंबड्यांच्या वृषणग्रंथी काढून घेतल्या, तेव्हा त्यांचा तुरा वाळला, आरवणे थांबले आणि भांडणाची हौस जिरली; परंतु त्यांतील काहींच्या उदरात ती ग्रंथी पुन्हा बसवताच तिन्ही गोष्टी पूर्ववत झाल्या, आणि ही सर्व करामत रक्तातून फिरणाऱ्या कोणत्या तरी प्रभावाची असली पाहिजे, असे अनुमान त्याने काढले. हा शोध पुढे कित्येक वर्षे दप्तरी दाखल होऊन पडला. मग १ जून १८८९ रोजी पॅरिस येथे ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामांकित शरीरशास्त्रज्ञाने विद्वानांच्या सभेत जाहीर केले, की कुत्री व गिनीपिग यांच्या वृषणांचा अर्क आपण स्वतःस टोचून घेतला असून, आता आपण जिना धावत चढतो आणि प्रयोगशाळेत तासन्‌तास उभे राहतो. एवढेच नव्हे, तर शास्त्रज्ञाला शोभणाऱ्या काटेकोरपणाने स्वतःच्या लघवीची धारही मोजून, ती पूर्वीपेक्षा सुमारे चतुर्थांशाने लांब पडते, असा दाखला त्याने सोबत जोडला. कट्ट्यावर या दाखल्याइतकी आदरयुक्त शांतता दुसऱ्या कोणत्याही शास्त्रीय प्रमेयाला लाभली नाही. दुर्दैव असे, की टेस्टोस्टेरॉन हे वृषणांतील पुरुषी द्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. २००२ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी त्याच रीतीने अर्क काढून ताडून पाहिले, तेव्हा त्यात गुण येण्याजोगे काहीच आढळले नाही. जिना त्या थोर पुरुषाला आशेने चढवला होता. कुत्र्यांच्या नावे मात्र खर्च पडून गेला.

त्यानंतर या व्यवहारास भरभराट आली. व्हिएन्नाच्या श्टाइनाखने शुक्रवाहिनी बांधून टाकण्याची शस्त्रक्रिया काढली. ती १९२३ साली फ्रॉइडने आणि १९३४ साली कवी येट्सने करवून घेतली, आणि हा एकच मार्ग असा, की त्यात निदान दुसऱ्याच्या खिशाला हात लागत नव्हता. पॅरिसमध्ये व्होरोनॉफ १९२० पासून वानरांच्या ग्रंथींच्या चकत्या धनिकांच्या अंगी शिवू लागला, आणि त्यासाठी त्याने वानरांचा गोठाही बाळगला. अमेरिकेतील कॅन्सस प्रांतात ब्रिंकली नावाच्या गृहस्थाने तेच काम बोकडावर भागवले. एका शस्त्रक्रियेस साडेसातशे डॉलर आकार होता, त्यात बोकडाचा हिस्सा शून्य. १९३० साली त्याची वैद्यकीची सनद रद्द झाली, तेव्हा तो खचला नाही. त्याच वर्षी प्रांताच्या गव्हर्नरपदासाठी उभा राहिला आणि लोकांनी त्याला भरघोस मतेही दिली. शास्त्रज्ञ त्या मानाने सालस. बुटेनान्ट याने १९३१ साली पोलीस शिपायांची सुमारे १५,००० लिटर लघवी आटवून १५ मिलिग्रॅम पुरुषी द्रव्य मिळवले. सरकारी नोकराकडून इतकी मोठी वसुली इतक्या विनातक्रार झाल्याचे दुसरे उदाहरण माझ्या माहितीत नाही. १९३५ साली ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी सुमारे शंभर किलो बैलांच्या वृषणांतून १० मिलिग्रॅम शुद्ध टेस्टोस्टेरॉन काढले, आणि त्याच वर्षी बुटेनान्ट व रुझिच्का यांनी ते कोलेस्टेरॉलपासून प्रयोगशाळेत तयार करून बैलांची सुटका केली. ज्या कोलेस्टेरॉलच्या धास्तीने आमच्या घरी तुपाची धार थेंबावर आली, त्याच्याच पोटी पौरुष दडलेले आहे, ही बातमी मी स्वयंपाकघरात आवर्जून कळवली. परंतु तूप वाढले नाही.

अखेर मी तपासणी करवून घेतली. हे द्रव्य रक्तात सकाळी अधिक असते, म्हणून रक्तही सकाळीच द्यावे लागते. डेसिलिटरमागे सुमारे ३०० ते १००० नॅनोग्रॅम ही त्याची सर्वसाधारण मर्यादा, आणि मध्यम वयानंतर दरसाल सुमारे एका टक्क्याची घट ही निसर्गाची ठरलेली कपात. आणेवारीचा कागद हाती घेऊन डॉक्टरीणबाई, ज्या माझ्या मुलीपेक्षाही लहान असाव्यात, प्रसन्नपणे म्हणाल्या, ‘काका, तुमचं टेस्टोस्टेरॉन अगदी छान आहे.’ दुष्काळ जाहीर होईल, साऱ्यात सूट मिळेल, या आशेने बसलेल्या खातेदारास पीक सोळा आणे आल्याचे कळावे, तशी माझी अवस्था झाली. तरीही थोडे बाहेरून घेतले तर, असे मी चाचरत सुचवले, तेव्हा त्यांनी जे समजावून दिले ते माझ्या बुद्धीला कचेरीच्याच भाषेत उमगले. मेंदूच्या तळाशी बसलेली पियूषिका ग्रंथी ही हुजूर कचेरी. ती वृषणांच्या तालुका कचेरीस हुकूम धाडते, आणि तालुक्याचा इरसाल किती आला हे पाहून पुढचा हुकूम कमीजास्त करते. बाहेरून इंजेक्शनाने किंवा लेपाने भरणा होऊ लागला, की हुजुरास तिजोरी भरलेली दिसते. हुकूम थांबतात, तालुक्यातील कारकून रिकामे बसतात, शुक्रबीजांची निपज खालावते, आणि कालांतराने कचेरीची इमारतच आक्रसते. शिवाय रक्त दाट होण्याचे भय राहते ते निराळेच. ज्यांची ग्रंथी खरोखर निकामी झाली आहे, त्यांना वेगवेगळ्या सकाळी पुन्हा तपासणी करून हे औषध देतात आणि त्यांना ते वरदान ठरते. परंतु माझ्या प्रकरणी दोष तालुक्याकडे नसून मधल्या वतनदाराकडे होता. पोटावरील चरबी या पुरुषी द्रव्याचे परस्पर स्त्री-द्रव्यात रूपांतर करते, असे कळले, तेव्हा इतकी वर्षे दिवाळीचा फराळ घालून मी कोणाचे पोषण करीत होतो, याचा उलगडा झाला. पोट उतरवा, थोडी वजने उचला, पुरेसे झोपा आणि साखर व बी-बारा तपासा, असा हुकूम घेऊन मी परतलो.

परंतु उत्साहाच्या तुटीची माझी चौकशी एवढ्याने संपली नाही. भाजी आणावयास सांगताच ज्या गुडघ्यांत कळ येते, तेच गुडघे आमच्या गृहरचना संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेसाठी, उद्‌वाहन बंद असताना, गच्चीपर्यंत विनातक्रार चढून जातात, हे मी स्वतः पाहिले आहे. ज्यांना एरवी दोन वाक्यांत धाप लागते, ते मुख्याध्यापक वाहने लावण्याच्या जागेसंबंधीच्या ठरावावर दीर्घ काळ उभे राहून बोलले, आणि त्यांचा एकही स्वल्पविराम चुकला नाही. अभियंत्यांना पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर देखरेख करण्याचे काम सोपवताच त्यांच्या मुद्रेवर जो तजेला आला, तो महिनोन्‌महिने दुधातून घेतलेल्या शिलाजिताने आला नव्हता. निवृत्तीच्या दिवशी आमच्या देहातून जे नाहीसे झाले, ते द्रव्य रक्तात मोजण्याजोगे नव्हतेच. त्याचे नाव अंमल. आम्हांला शक्ती हवी नव्हती, आपला हुकूम कोणी तरी ऐकावा एवढेच हवे होते. आणि कचेरीत तो ऐकणारे उरले नाहीत, म्हणून आम्ही त्याची वसुली घरातून सुरू केली होती. चहाचे तापमान, वर्तमानपत्राच्या घड्या, नातवाचे अक्षर आणि सुनेची भाजी चिरण्याची पद्धत, या सर्वांवर आमचा सारा बसलेला होता.

चरकाला हे ठाऊक असावे. कारण त्याच रसायनाच्या अध्यायात, आवळे, पिंपळी आणि शिलाजीत यांच्या सर्व कृती सांगून झाल्यावर, अखेरच्या पादात तो आचाररसायन म्हणून एक प्रकार सांगतो: खरे बोलावे, रागावू नये, मद्यापासून दूर राहावे, गोड बोलावे, झोप आणि जागरण बेताचे ठेवावे, वृद्धांचा मान राखावा, असे जो वागतो, तो नित्य रसायनाचे सेवन करतो असे समजावे. या रसायनास खल लागत नाही, मगर लागत नाही, त्याची जाहिरात करून कोणाला दमडीचा लाभ नाही, म्हणूनच ते कोणाच्या फोनवर कधी येत नाही. मी ते सुरू केले, आणि पुष्कळ दिवस त्याची वाच्यता केली नाही. परंतु एके दिवशी सौभाग्यवतींनी आपण होऊन विचारले, ‘अहो, हल्ली कोणतं औषध चालू आहे? बंद नका हं करू.’ मला स्वतःला अद्याप विशेष फरक जाणवत नाही. जिना मी पूर्वीइतकाच सावकाश चढतो, आणि बाकीच्या मोजमापांच्या फंदात पडलेलो नाही. घरातील माणसे मात्र दहा वर्षांनी तरुण दिसू लागली आहेत. ययातीपासून ब्रिंकलीच्या गिऱ्हाइकांपर्यंत बहुतेकांनी औषध स्वतः घेतले आणि खर्च दुसऱ्याच्या नावे टाकला. या एका रसायनाचा हिशेब उलटा आहे, आणि महसूल खात्यात हयात घालवलेल्या माणसाला अशी रक्कम कोणत्या सदरात दाखवावी हे काही केल्या सुचत नाही.