कायोटी आणि कमिटी

अमेरिकेत घर विकत घेताना इतक्या कागदांवर सह्या कराव्या लागतात की शेवटच्या पानापर्यंत सहीचा नुसता ओरखडा उरतो. जमिनीखालून भूकंपाची भेग जाते का, वणव्याचा पट्टा किती जवळ, पूर येतो का, हे सगळं विकणाऱ्यानं लिहून द्यायचं, असा कॅलिफोर्नियात कायदाच आहे. कायोटीचं कलम मात्र त्या बाडात कुठेच नव्हतं. लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, सान गॅब्रिएल डोंगरांच्या पायथ्याशी आमची वसाहत. ‘डोंगर अगदी घरात आल्यासारखा वाटतो,’ असं म्हणत एजंटबाईंनी किंमत चढवली होती. पुढे डोंगर खरोखरच घरात येऊ लागला, तोवर बाई फोन उचलेनाशा झाल्या होत्या.

कायोटी बहुतेकांनी कार्टूनमध्येच पाहिलेला असतो. १९४९पासून तो रोडरनर पक्ष्यामागे धावतोय आणि कड्यावरून पडतोय. ही शुद्ध बदनामी आहे. खरा कायोटी ताशी साठ किलोमीटरच्या वेगानं पळू शकतो, खरा रोडरनर तीसच्या आसपास. वास्तवात ते कार्टून पहिल्याच भागात आटोपलं असतं. दिसायला तो कोल्ह्यापेक्षा थोराड, लांडग्यापेक्षा किरकोळ. आमच्याकडच्यांचं वजन दहा-पंधरा किलो, पाय लांब, कान उभे, झुपकेदार शेपटी खाली सोडलेली. चाल अशी, की पतपेढीचा पिग्मी एजंट रोजच्या वसुलीला निघालाय. कुणाकडे मान वळवून बघणार नाही, पण कुणाचं मागचं दार किती वाजता उघडतं ते पाठ.

आमच्या वसाहतीला कमिटी आहे. अमेरिकेत आलो म्हणजे सोसायटीच्या राजकारणातून सुटलो, असं ज्या मराठी माणसाला वाटतं त्यानं इथली एक मीटिंग पाहावी. दाराला बेज रंगाची कुठली छटा द्यायची, गवत किती वाढू द्यायचं, कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला तर किती दंड, सगळं छापील. त्या नियमावलीला न जुमानणारा पहिला रहिवासी हा कायोटी. मग त्याच्यावर खास सभा भरली.

सभेला इतकी गर्दी वार्षिक हिशेबालाही होत नाही. समोरच्या बाई चिवावाला घेऊन आल्या होत्या. चिवावाच्या अंगात चिलखत. थट्टा नाही, असं चिलखत इथे खरोखर विकत मिळतं: गळ्याभोवती अणकुचीदार खिळे आणि पाठीवर रंगीत कुंच्यांची रांग. आत चिवावा आहे हे कळायला वेळ लागतो, आणि त्या वेळातच कायोटीचा विचार बदलावा अशी योजना आहे. कोपऱ्यावरचे निवृत्त वकील वही उघडून बसले होते. योग शिकवणाऱ्या बाई ‘ते आपल्या आधीपासून इथे आहेत’ हे दर पाच मिनिटांनी शांतपणे सांगत होत्या, आणि त्या शांतपणानं सगळ्यांचा रक्तदाब वाढत होता. आमचे सासरे, म्हणजे अप्पा, बोरिवलीहून सहा महिन्यांच्या मुक्कामाला आले होते. मीटिंग म्हटल्यावर ते मफलर गुंडाळून माझ्या आधी दारात उभे.

नगरपालिकेनं वन्यप्राण्यांचा एक अधिकारी पाठवला होता. तरुण, सोशिक, घसा बसलेला. ‘पकडून दुसरीकडे सोडा,’ असं तिघे एकदम म्हणाले. तो म्हणाला, या राज्यात परवानगीशिवाय तसं करता येत नाही. ‘मग मारा.’ तो म्हणाला, एक मारला की रिकाम्या हद्दीत दुसरा येतो. हे तो मनचं सांगत नव्हता. विषं, सापळे आणि बंदुका घेऊन अमेरिकन सरकार शंभर वर्षांहून अधिक काळ कायोटीच्या मागे लागलेलं आहे, अजूनही दरवर्षी हजारोंनी मारतं. या मोहिमेचं फलित असं, की एकेकाळी पश्चिमेच्या गवताळ आणि रखरखीत भागात राहणारा हा प्राणी आज हवाई सोडून प्रत्येक राज्यात आहे. लांडगे मारून मैदान माणसांनीच मोकळं करून दिलं होतं. हवाईला तो गेलेला नाही, कारण मध्ये पॅसिफिक आहे. पण २००२ साली पोर्टलंडच्या विमानतळावर एक कायोटी लोकल गाडीत चढून सीटवर अंग मुडपून बसला होता, तेव्हा विमानाचा भरवसा मी देत नाही.

‘जबाबदारी कुणाची?’ वकिलांनी विचारलं.

अधिकाऱ्यानं उत्तराऐवजी हात वर करायला लावले. मांजराचं खाणं रात्रभर बाहेर कोण ठेवतं? बरेच हात. अंजिराचं झाड कुणाकडे आहे, आणि खाली पडलेली फळं कोण उचलत नाही? आणखी हात. पक्ष्यांना दाणे कोण टांगतं, आणि त्या दाण्यांवर उंदीर किती येतात? आता वर गेलेले हात हळूहळू डोकं खाजवू लागले. मग त्यानं सांगितलं की लॉस एंजेलिसमध्ये कायोटींची विष्ठा गोळा करून तपासली गेली, तेव्हा तीत ससे-उंदरांबरोबर लोकांच्या बागांतली फळं भरपूर निघाली, आणि साधारण पाचातल्या एका नमुन्यात मांजर निघालं. सभेत शांतता पसरली. वसाहतीच्या फलकावर तेव्हा हरवलेल्या मांजरांच्या बऱ्याच जाहिराती लावलेल्या होत्या. प्रत्येकीत ‘आमचा लाडका बहुधा कुणाच्यातरी घरी पाहुणचार घेत असावा’ अशा अर्थाचा मजकूर. त्यातला पाहुणचाराचा भाग खरा होता.

‘ते आपल्या आधीपासून इथे आहेत,’ योगबाई म्हणाल्या. ‘आणि त्यांची निष्ठा बघा. शिकागोत २३६ कायोटींची जनुकं तपासली, एकाही जोडप्यात व्यभिचार सापडला नाही.’ हेही खरं आहे, तो अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. आमच्या गल्लीत हा विक्रम गाठणं अवघड आहे. दोन घरं तर घटस्फोटाच्या वाटणीपायी विक्रीला निघालेली. कायोटींची जोडपी मात्र मरेपर्यंत एकत्र राहतात, पिल्लांना दोघं मिळून वाढवतात आणि रात्री एकत्र गातात. दोनच गायला लागले तरी अख्खा कळप आल्याचा भास होतो. (आमच्या मराठी मंडळाच्या भजनाचं नेमकं उलट होतं.)

विषय तक्रारींकडून कौतुकाकडे वळला तसे लोक खुलले. कुणी २००७चा शिकागोतला किस्सा काढला: भर दुपारी एक कायोटी सँडविचच्या दुकानात शिरला आणि थंड पेयांच्या उघड्या कपाटात बाटल्यांपाशी बसून राहिला. कुणी शेजारच्या ग्लेंडेलच्या अस्वलाची आठवण काढली. २०१२ साली ते एका गॅरेजमधल्या फ्रीजमधून मीटबॉल खाऊन गेलं आणि तेच नाव त्याला चिकटलं. दूर जंगलात नेऊन सोडलं, तर परत आलं. मग योगबाईंनी पी-२२चं नाव घेतलं आणि सगळ्यांनी श्वास रोखला. पी-२२ म्हणजे डोंगरी सिंह, प्यूमा. दोन महामार्ग ओलांडून ग्रिफिथ पार्कात आला आणि शहराच्या मधोमध वर्षानुवर्षं एकटा राहिला. एकदा एका घराच्या जमिनीखालच्या पोकळीत जाऊन बसला, तर टीव्हीवाल्यांची जत्रा भरली. २०१६ साली प्राणिसंग्रहालयातला कोआला मेला तेव्हा संशय त्याच्यावरच गेला. त्याच्यावर कुणी खटला भरला नाही. वकिलांनीसुद्धा इथे मान डोलावली.

अप्पांना हे सहन होईना. ते उठून उभे राहिले. निवृत्त बँक मॅनेजर, इंग्रजी ठणठणीत.

‘आमच्या बोरिवलीला नॅशनल पार्क आहे,’ ते म्हणाले. ‘१०४ चौरस किलोमीटर. भोवती एक कोटीहून जास्त माणसं. आत पन्नासच्या आसपास बिबटे. रात्री बाहेर येतात, भटकी कुत्री खातात, परत जातात. हे तुमचं जे आहे ना, हे आमच्याकडे बिबट्याचं जेवण आहे.’

चिवावाच्या बाईंनी चिवावाला पदराआड, म्हणजे स्कार्फाआड घेतलं.

‘मग तुम्ही काय करता?’ अधिकाऱ्यानं खऱ्या कुतूहलानं विचारलं.

‘वारली लोक त्याला वाघोबा म्हणून पुजतात. आम्ही व्हिडिओ काढतो. मीटिंग कुणीच घेत नाही.’

त्या रात्रीपासून अप्पांचा वसाहतीतला भाव वधारला. सकाळी फिरायला निघाले की लोक गाडी थांबवून सल्ला विचारत. ‘कोल्हे आमच्या विक्रोळी-कांजूरच्या खारफुटीतही आहेत,’ एवढं सांगून ते पुढे जात. बिबट्याच्या खालचं जनावर ते मोजतच नसत.

अधिकाऱ्यानं जाताना उपाय शिकवला होता. कायोटी दिसला की पाठ फिरवायची नाही, पळायचं नाही. हात वर करून आपण मोठे दिसायचं, ओरडायचं, भांडी बडवायची. माणसाचा धाक त्याच्या मनात परत बसला पाहिजे. अमेरिकन शेजाऱ्यांना यातलं ओरडणं जमेना. वकील आपल्या हिरवळीवर उभे राहून खणखणीत आवाजात ‘सर, प्लीज लीव्ह!’ म्हणाले, ते मी स्वतः ऐकलं. कायोटी थांबला, त्यानं त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं आणि खाली पडलेलं अंजीर तोंडात घेऊन गेला. भांडी बडवण्यात मात्र आम्ही भारतीय आघाडीवर होतो. २२ मार्च २०२०च्या संध्याकाळी अख्ख्या देशानं बाल्कनीत उभं राहून त्याची रंगीत तालीम केलेली. व्हायरसवर त्याचा परिणाम काय झाला ते सोडा, कायोटीवर होतो. स्टीलची थाळी, लाकडी लाटणं आणि सोबत एक ‘हाड्!’ एवढ्यावर मी त्याला कुंपणापार घालवलेलं आहे. समोरच्या बाई दुसऱ्याच दिवशी विचारायला आल्या की ही थाळी ऑनलाइन मिळते का.

आणि मग पितृपक्ष आला.

आजेसासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, तिथी अप्पा कुठेही असले तरी चुकवत नाहीत. वरण-भात, खीर, वडे, अळूवडी, गवारीची भाजी, आमसुलाची चटणी असा साग्रसंगीत स्वयंपाक झाला. केळीचं पान इंडियन स्टोअरमधून फ्रोझन आणून वितळवलं. पान मागच्या भिंतीवर ठेवलं आणि अप्पा हात जोडून उभे राहिले. तारेवर कावळे होते, पण ते अमेरिकन कावळे. शेजारच्या बर्गरच्या दुकानाचं पार्किंग ही त्यांची वतनदारी, वड्यात त्यांना काही रस दिसेना. अप्पा आश्वासनं देऊ लागले. घरातली भांडणं मिटवतो, गावच्या घराचं छप्पर शाकारतो. कावळे हलेनात. शेवटी त्यांनी ‘नातवाला मराठी लिहायला शिकवतो’ असं म्हटलं. हे आश्वासन फारच धाडसी होतं, आणि पितरांनाही ते पटलं नसावं.

तेवढ्यात भिंतीवर कायोटी चढला. सहा फुटांची भिंत त्याला काहीच नाही. त्यानं अप्पांकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं, आणि खिरीपासून सुरुवात केली. मग वडे, मग अळूवडी, मग वरण-भात. थाळी माझ्या हातात होती, पण श्राद्धाच्या पानावरून कुणाला हाकलायचं कसं, या विचारात लाटणं वरच राहिलं. गवारीची भाजी तेवढी ठेवून तो निघून गेला.

‘अण्णांनाही गवार आवडायची नाही,’ अप्पा घोगऱ्या आवाजात म्हणाले.

तरी शंका राहिलीच. गुरुजींना व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. पंचबळीत गाय, कुत्रा, कावळा, देव आणि मुंगी असतात, त्यामुळे प्राणी नक्की कुठला, एवढंच त्यांना हवं होतं. कायोटीला शास्त्रज्ञांनी १८२३ सालीच कुत्र्याच्या कुळात नोंदवलं आहे, हे मी सांगितलं. कुळाची एवढी जुनी नोंद पाहून गुरुजी समाधानी झाले. ‘श्वानबळी पोहोचला,’ म्हणाले. ‘कावळ्यासाठी दर्भाचा करून ठेवा.’

गुरुजींचा कायदा समाधानी झाला, पण लॉस एंजेलिस परगण्याचा कायदा वेगळा आहे. कायोटीला खाऊ घालणं इथे गुन्हा. मागच्या घराच्या कॅमेऱ्यात सगळं टिपलं गेलं होतं: भिंतीवर कायोटी, त्याच्यापुढे सजवलेलं पान, आणि हात जोडून, डोळे मिटून अप्पा. कमिटीची नोटीस आली. तीत दोन आरोप होते, वन्यप्राण्यास भोजन आणि भिंतीवर पूर्वपरवानगीशिवाय सजावट. निवृत्त वकिलांना इतका आनंद झालेला मी पूर्वी पाहिला नव्हता. धर्मस्वातंत्र्याचा खटला आहे, एक पैसा घेणार नाही, म्हणाले. त्यांनी लिहिलेलं उत्तर इतकं लांबलचक होतं की कमिटीनं ते वाचण्यापेक्षा तडजोड केली: वर्षातून एकदा, फक्त कावळ्यापुरतं, आणि कावळा येईपर्यंत यजमानानं पानापाशी उभं राहायचं.

रविवारी सकाळी अप्पांचा बोरिवलीच्या मित्राला फोन असतो. तिकडे रात्र, त्यामुळे गप्पांना ऊत. त्या रविवारी मी पोहे परतत होते.

‘कुत्रं कसलं रे! लांडगाच म्हण,’ अप्पा सांगत होते. ‘भिंतीवर तो, खाली मी. डोळ्याला डोळा.’

पलीकडून कळलं की काल सोसायटीच्या पार्किंगमध्ये बिबट्या आला होता. वॉचमनच्या खुर्चीत बसला होता.

अप्पा क्षणभर गप्प. मग म्हणाले, ‘इथे अस्वलं फ्रीज उघडतात. मटणाचे गोळे खातात.’

पलीकडून कळलं की बिबट्यानं सीसीटीव्हीकडे बघून जांभई दिली आणि ती मराठी वाहिनीवर दाखवली.

अप्पांनी फोनवर हात ठेवला. ‘सूनबाई, तो कोआला खाणारा सिंह. तो अजून त्या बागेतच असतो ना?’

‘नाही अप्पा, तो २०२२च्या डिसेंबरात गेला. ग्रीक थिएटरमध्ये मोठी शोकसभा झाली, तिकिटं संपली होती.’

‘बोरिवलीपर्यंत आलं असेल का ते?’

‘नसेल बहुधा.’

अप्पांनी फोनवरचा हात काढला आणि खुर्ची पुढे ओढली. ‘हां, तर ऐक. काल रात्री मी मागचं दार लावायला गेलो...’