जावयांची टोमॅटोची आढी

एडिसन, न्यू जर्सी
ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा

तीर्थरूप आई-अण्णांना,
साष्टांग नमस्कार.

पत्रास कारण की, तुमचे जावई शेतकरी झाले आहेत. नारायणगावची सासुरवाडी असून आजवर त्यांनी आपल्या रानात फक्त फोटो काढले. इथे मात्र मे महिन्यात थंडी सरताच मागच्या अंगणात टोमॅटो लावले. या राज्यातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘गार्डन स्टेट’ असं लिहिलेलं असतं. ते आपल्यालाच उद्देशून आहे, असं त्यांनी मनावर घेतलं. वाणही निवडलं ते ‘रटगर्स’, इथल्याच विद्यापीठातून १९३४ साली निघालेलं. माणसाची कुंडली बघावी तशी त्यांनी रोपाची बघितली.

ऑगस्टात तोडा सुरू झाला. पण ऑगस्टात इथे ज्याच्या-त्याच्या अंगणात टोमॅटो, त्यामुळे आम्ही पिशवी घेऊन ज्यांच्याकडे जावं ते आपली पिशवी आमच्या हातात देत. खरी गंमत सप्टेंबर संपताना सुरू झाली. रात्रीचा पारा १३ अंशांच्या खाली जायला लागला की नवं फळ नीट धरत नाही. तेव्हा शेंडे खुडायचे, फुलं काढायची, म्हणजे झाडाची ताकद लागलेल्या फळांत उतरते. हे मी अण्णांची मुलगी म्हणून अधिकाराने सांगितलं. ‘फुलं खुडायची?’ असं म्हणून जावयांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी पुन्हा तो विषय काढला नाही. परिणाम असा, की ऑक्टोबर संपत आला तरी झाडं हिरव्यागार टोमॅटोंनी लगडलेली!

आणि मग फोनवर फ्रॉस्टचा इशारा आला. रात्री ३६ अंश फॅरनहाइट, म्हणजे आपले दोन. धाकटा म्हणाला, ‘बाबा, पाणी शून्याला गोठतं, झोपा.’ पण हा आकडा माणसाच्या उंचीवरच्या हवेचा. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असला की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते आणि पानांवर दव गोठतं. ढग असले तर तेच पांघरूण होतात. त्या रात्री नेमकी सगळी नक्षत्रं दिसत होती.

निफाडकडे द्राक्षबागेत शेकोट्या पेटवतात, हे जावयांना कुठून तरी ठाऊक होतं. मी म्हटलं, इथे शेकोटी पेटवलीत तर टोमॅटो वाचतील, पण अग्निशामक बंब दारात येईल. प्लॅस्टिक पानांना टेकलं तर तिथेच पान करपतं, म्हणून कापडच हवं, तेही जमिनीपर्यंत पोचणारं. चादरी पुरल्या नाहीत. आई, तू दिलेली इरकल मी हात जोडून वाचवली. बाकीच्या सुती साड्या झाडं नेसली. सकाळी ऊन पडताच साड्या काढायच्या, संध्याकाळी पुन्हा नेसवायच्या. समोरच्या आजी रोज खिडकीतून पाहतात. हा कुठला सण, असं त्यांनी थोरलीला विचारलं. तिने ‘हार्वेस्ट फेस्टिव्हल’ सांगून वेळ मारून नेली.

शेवटी परवा हवामानखात्याने कडक थंडी सांगितली, तिथे साडीचा उपयोग नाही. मग सगळे टोमॅटो उतरवले. ज्यांच्यावर किंचित गुलाबी छटा आली होती ते निवांत घरात पिकतात. त्यांना ऊनही लागत नाही, खोलीतली ऊब पुरते. फळ स्वतःच इथिलीन वायू सोडतं आणि त्यावर पिकतं. सोबतीला पिकलं केळं ठेवलं की काम लवकर होतं. फ्रिजमध्ये मात्र ठेवायचे नाहीत, पिकणं थांबतं आणि चवही जाते. म्हणून आता तळघरात, आजोबा हापूसची लावायचे तशी, वर्तमानपत्रात टोमॅटोची आढी लागली आहे. जावई रोज रात्री बॅटरी घेऊन खाली जातात, एकेक टोमॅटो फिरवून बघतात आणि एखादा नासलाच तर जेवताना बोलत नाहीत.

पण काही टोमॅटो इतके कोवळे आहेत की ते नाताळपर्यंतही लाल होणार नाहीत. तेव्हा आई, तुझ्या हिरव्या टोमॅटोच्या चटणीत दाण्याचं कूट किती आणि तीळ किती, ते प्रमाण सविस्तर कळव. ‘अंदाजाने घाल’ असं लिहू नकोस.

अण्णा, तुम्हाला एक कळकळीची विनंती. माती, खत, काठ्या आणि पाणीपट्टी धरून हिशेब केला, तर आमचा एक टोमॅटो साधारण तिथल्या एका किलोच्या भावात पडला आहे. तेही २०२३ च्या जुलैतल्या, जेव्हा २० किलोचा क्रेट दोन हजारांवर गेला होता. रविवारी फोन कराल तेव्हा जावयांना आजचा मार्केटचा भाव कृपया सांगू नका. पुढच्या मे महिन्यात ते दुप्पट रोपं लावणार आहेत.

तुमची,
लाडकी लेक