माईकची पाठ

मराठी माणूस आयुष्यात घर घेतो, गाडी घेतो, तळेगावला प्लॉटही घेतो. माईक घेत नाही. माईक येतो. मांडव, खुर्च्या, सतरंज्या आणि एक पेंगुळलेला पोरगा यांच्याबरोबर तो टेम्पोतून उतरतो आणि कार्यक्रम आटोपला की त्यांच्याचबरोबर परत जातो. तो कोणत्या कंपनीचा, कोणत्या जातीचा, काल साखरपुड्यात होता की शोकसभेत, हे कोणी विचारत नाही. नाकाला मात्र कळतं. जाळीच्या आतल्या स्पंजात मागच्या सगळ्या वक्त्यांचे श्वास, त्यांच्या तंबाखूसकट, मुक्कामाला असतात. (ही जाळी बहुतेक माईकांची आटे फिरवून निघते आणि आतला स्पंज साबणाच्या पाण्यात धुता येतो. भाड्याने माईक देणाऱ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर त्यांनी पुढचं नंतर वाचलं तरी चालेल.)

आमच्या सोसायटीच्या भजनी मंडळाने मात्र स्वतःचा माईक घ्यायचं ठरवलं. दर एकादशीला भाडं भरून भरून आपण त्या साउंडवाल्याच्या मुलीचं लग्न लावून दिलं, असा हिशेब खजिनदारांनी मांडला आणि निवडीचं काम माझ्याकडे आलं. कारण मी इंजिनिअर आहे. सिव्हिल. पण सोसायटीत इंजिनिअर म्हणजे इंजिनिअर. तिथे पोटजाती मानत नाहीत. याच न्यायाने लिफ्ट, वायफाय आणि एका काकूंचं ब्लडप्रेशर मोजायचं यंत्रही माझ्याकडे येऊन गेलेलं आहे.

मागण्या ऐकून घ्यायला बैठक बोलावली. बुवा म्हणाले, "माझा आवाज आतून आला पाहिजे." कशाच्या आतून, ते त्यांनी सांगितलं नाही. पखवाजाच्या काकांना डाव्या थापेचा घुमारा मागच्या रांगेत छातीवर बसायला हवा होता. अध्यक्षांना रंगीत दिवे लागणारा ब्लूटूथचा माईक हवा होता, नातवाकडे आहे तो. एका जुन्या सभासदांनी मुळावरच घाव घातला: "बालगंधर्वांना कुठे होता माईक?" नव्हता, हे खरं. १९२१ साली मुंबईत 'संयुक्त मानापमान' झाला, तेव्हा केशवराव भोसले आणि बालगंधर्व दोघेही माईकशिवायच गायले. पण त्यांच्या पाठीमागे टाळकऱ्यांची रांग नव्हती.

टाळकऱ्यांची स्वतःची काहीच मागणी नव्हती. टाळकऱ्यांना कोणत्याच युगात माईक लागलेला नाही.

मग पहिल्या मजल्यावरचा, यूट्यूबवर चॅनेल असलेला तरुण म्हणाला, "काका, कंडेन्सर घ्या. सगळं ऐकू येतं त्याला." हे तो शिफारस म्हणून सांगत होता. कंडेन्सर माईकचा पडदा अतिशय हलका असतो, त्याला बाहेरून वीज पुरवावी लागते आणि स्टुडिओत, दारंखिडक्या बंद करून, तो जे ऐकतो त्याला तोड नाही. पण आमच्या हॉलमध्ये पंखे आहेत, भिंतीपलीकडे पाण्याचा पंप आहे आणि अभंग ऐन रंगात आला की प्रसादाच्या पुड्या बांधायला बसणारी एक तुकडी आहे. ज्याला सगळं ऐकू येतं असा माणूससुद्धा सोसायटीत सुखाने राहू शकत नाही, तिथे माईकची काय कथा!

स्टेजवर निभावतो तो डायनॅमिक. रचना इतकी साधी की सिव्हिलवाल्यालाही कळावी. एक पडदा, पडद्याच्या पाठीला चिकटवलेली तारेची गुंडाळी आणि भोवती लोहचुंबक. आवाजाने पडदा हलतो, गुंडाळी चुंबकाच्या क्षेत्रात मागेपुढे होते आणि तारेत वीज उपजते. फॅरडेने १८३१ साली दाखवून दिलेली ही गोष्ट. तिच्यावर आजतागायत एकादश्या निघतायत. बॅटरी नाही, सेल नाही. बुवांनी तोंड उघडलं की बुवाच जनरेटर. निघणारी वीज एकदोन मिलिव्होल्ट, त्यामुळे त्यांनी कितीही घसा ताणला तरी ती सोसायटीच्या पंपाला जोडता येणार नाही. (खजिनदारांनी विचारलं होतं.) गुंडाळीचं ओझं अंगावर असल्यामुळे हा पडदा जरा सुस्त असतो. लांबच्या बारीकसारीक आवाजांसाठी हलायचा त्याला कंटाळा. पुड्यांची कुजबुज तो मनावर घेत नाही, आणि अगदी जवळ येऊन कोणी बोंबललं तरी डगमगत नाही.

या जातीतला सगळ्यांत गाजलेला म्हणजे अमेरिकेच्या शुअर कंपनीचा एसएम ५८. आला १९६६ साली. नावातलं 'एसएम' म्हणजे स्टुडिओ मायक्रोफोन. त्याचा जन्म खरं तर स्टुडिओतल्या सभ्य कामासाठी झाला होता. गाणाऱ्यांनी त्याला स्टेजवर नेला, पाडला, घामाने भिजवला, आणि तो तिथेच रमला. एका वर्षाने थोरला एसएम ५७. त्याला गोल जाळीऐवजी चपटं तोंड आहे आणि तो बहुतेक वाद्यांपुढे लावतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या भाषणात पुढ्यात दोन माईक जोडीने दिसतात, कित्येक दशकं दिसतायत, ते ५७च. हे ऐकून खजिनदार सरळ बसले. ५८ची किंमत दहा हजारांच्या आगेमागे आहे म्हटल्यावर पुन्हा रेलले. "एवढ्यात राष्ट्राध्यक्षही येतात का?"

माईकसोबत एक कागद येतो. त्यावर लोक वाचतात ते आकडे: एसएम ५८ला ५० हर्ट्झपासून १५,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं वगैरे. आमच्या श्रोतृवर्गाचं वय पाहता १५,००० हर्ट्झ ऐकणारा कान हॉलमध्ये उरलेला नाही, तेव्हा तो आकडा सोडून द्यावा. त्याच कागदावर कोपऱ्यात एक गोलसर आलेख असतो, तो बघायचा. स्टेजवरचा माईक निवडायचा तो त्याला काय ऐकू येत नाही यावरून. आमच्या आजोबांना कानाशी मारलेली हाक ऐकू यायची नाही आणि दोन खोल्यांपलीकडे जिलबीचा पुडा सोडला की यायचा. चांगल्या माईकचं बहिरेपणही असंच, दिशा पाहून आलेलं असतं. कार्डिऑइड जातीचा माईक समोरचं नीट ऐकतो, काटकोनातल्या बाजूचं निम्मं, आणि पाठीमागे जवळजवळ ठार बहिरा. सुपरकार्डिऑइड, म्हणजे शुअरचा बीटा ५८ए किंवा सेन्हायझरचा ई ८४५, समोर आणखी चिंचोळं ऐकतो. पण अगदी पाठीमागचं त्याला थोडं ऐकू येतं. त्याच्या बहिऱ्या जागा पाठीच्या दोन अंगांना, समोरून मोजलं तर साधारण १२६ अंशांवर.

आता भजनाची बैठक डोळ्यांसमोर आणा. मध्ये बुवा, पुढ्यात पेटी, एका बाजूला पखवाज, मागे टाळकरी, समोर श्रोते. माईकचं तोंड बुवांकडे. म्हणजे बुवांच्या खांद्यावरून ते नेमकं टाळकऱ्यांवर रोखलेलं. आणि पाठ, ज्या पाठीसाठी आपण पैसे मोजले ती बहुमोल बहिरी पाठ, श्रोत्यांकडे. जे मुळात गप्प बसलेत. हॉलमधल्या एकाच गटाचं ऐकायचं नाही असं माईकने ठरवलेलं असतं, आणि नेमका तोच गट "आवाज येत नाही!" म्हणून ओरडतो.

यावर उपाय दोन. एक, बुवांनी पुढे सरकावं. तोंड आणि माईक यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज सहा डेसिबलने वाढतो. टाळ आहेत तिथेच राहतात. शिवाय दिशा पाहून ऐकणाऱ्या माईकला ओठ लावले की त्यात खर्ज फुगतो, आणि बुवांना हवं असलेलं 'आतून' ते हेच, अशी माझी समजूत आहे. दुसरा उपाय टाळकऱ्यांना मागून उठवून पुढे, दोन्ही अंगांना, माईकच्या बहिऱ्या बाजूला बसवण्याचा. कागदावर हा उपाय बिनतोड आहे. प्रत्यक्षात टाळकऱ्याची जागा त्याच्या सातबाऱ्यावर असते. "माझे वडील इथेच बसायचे," एक जण गहिवरून म्हणाले. सोसायटी बांधून झाली तेव्हा त्यांचे वडील हयात नव्हते, पण भावना खरी होती.

आणि शिट्टी. माईकमधलं स्पीकरमध्ये जातं, स्पीकरमधलं पुन्हा माईकमध्ये, आणि दोघांचं असं जमलं की कुईंऽऽ. म्हणून स्पीकर माईकच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला असावेत. आमचे बुवांच्या मागच्या भिंतीवर आहेत. प्लग पॉइंट तिथे आहे. शिट्टी वाजली की माणूस सर्वांत आधी माईकचं डोकं मुठीत आवळतो, आणि पंचाईत होते ती इथेच. त्या जाळीखाली पडद्याच्या मागच्या अंगाला फटी असतात. पाठीकडून आलेला आवाज त्या फटींतून पडद्याच्या मागे पोचतो, वळसा घालून पुढूनही पोचतो, आणि दोन्हीकडून एकदमच ढकलल्यामुळे पडदा जागचा हलत नाही. माईकचं सगळं बहिरेपण त्या फटींत आहे. त्या मुठीत दाबल्या की त्याला चहूकडून ऐकू यायला लागतं आणि शिट्टी दुपटीने वाजते. मग माणूस मूठ आणखी आवळतो आणि रिकाम्या हाताने स्वतःचा कान झाकतो.

परदेशी जाणकारांची मतं वाचून भजनाचा माईक घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. आमचं निम्मं भजन ओठांवर फुटतं. पांडुरंग, पुंडलिक, पालखी, पताका, भीमा, भक्त, भाव. प्रत्येक 'प'बरोबर हवेचा झोत सुटतो आणि स्पीकरमधून 'धप्प' येतं. पंढरपुरात तर दोन 'प' आहेत, जाताना एक आणि येताना एक. ५८ची गोल जाळी आणि तिच्या आतला स्पंज हा झोत अडवायलाच असतात. ५७च्या तोंडावर तेवढं कवच नाही. म्हणून तोंडाला ५८, पेटीला ५७ किंवा त्या घडणीचा दुसरा. शिवाय गाताना माईक ओठांच्या नाकासमोर न ठेवता जरा तिरपा ठेवायचा असतो. बुवा तिरपा ठेवू देत नाहीत. तिरप्या माईकमधून भाव तिरका जातो, म्हणतात.

खरेदीला बुधवार पेठेत गेलो. इलेक्ट्रॉनिक्सची दुकानं तिथे पासोड्या विठोबाच्या आसपास आहेत, आणि भजनाच्या माईकला याहून योग्य पत्ता महाराष्ट्रात नसेल. बुवा आधी दर्शन घेऊन आले.

"कशाला हवाय?" दुकानदार.

"भजनाला."

"म्हणणार कोण?"

बुवा पुढे झाले. त्याने त्यांना नीट पाहून घेतलं आणि अहुजाचा दोनतीन हजारांतला डायनॅमिक काउंटरवर ठेवला.

"यातून आवाज चांगला येईल का?"

"जो आहे तो येईल."

इतकं प्रामाणिक तांत्रिक मार्गदर्शन मला कुठल्या माहितीपुस्तकात मिळालं नव्हतं. पण बुवांना ५८ हवा होता. पलीकडच्या गल्लीत तो पंधराशेतही मिळत होता. खोका हुबेहूब, नाव हुबेहूब, हातात घेतला की हलका. असली माईक तीनशे ग्रॅमच्या आसपास भरतो. खजिनदारांनी घरून स्वयंपाकघरातला काटा पिशवीत घालून आणला होता. पुण्यात याला कोणी हसलं नाही.

शेवटी बुवांच्या गळ्याला ५८ आणि पेटीला अहुजा. सुपरकार्डिऑइड मी मुद्दाम टाळला. तान घेताना बुवांची मान पखवाजापासून खिडकीपर्यंत फिरते, आणि चिंचोळं ऐकणाऱ्या माईकमध्ये अर्धी तान खिडकीबाहेर गेली असती. पखवाजाला माईक नाही. एवढ्याशा हॉलमध्ये जे वाद्य नुसतंच जिन्यापर्यंत ऐकू जातं त्याला माईक लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण. काका तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत, फक्त वाजवतात. बटणावरूनही थोडं झालं. खजिनदारांना बटणवाला हवा होता, वीज वाचते म्हणून. पण बटण असलं की पहिल्या अभंगाची पहिली ओळ हमखास बंद माईकवर गायली जाते, म्हणून बिनबटणाचा आणला. बटण नसल्याचा परिणाम असा, की दोन अभंगांच्या मध्ये बुवांनी हळूच विचारलेलं "वडे आहेत, की नुसतीच खिचडी?" जिन्यापर्यंत गेलं. आतून आलं, अगदी त्यांना हवं होतं तसं.

टाळकरी मात्र हलले. माझ्या आलेखाने नव्हे. मागच्या रांगेवरचा पंखा बंद पडला. चैत्रातली एकादशी, एकेक जण घाम पुसत उठला आणि बाजूच्या पंख्यांखाली, माईकच्या बरोबर बहिऱ्या अंगाला जाऊन बसला. वडिलांची जागा कोणी काढली नाही. बुवांचा आवाज पहिल्यांदाच टाळांच्या वर ऐकू आला, आणि तो खरोखर चांगला आहे. पंखा दुरुस्तीचा अर्ज इंजिनिअर या नात्याने माझ्याकडे आलेला आहे. मी त्याचा सखोल अभ्यास करतोय.

राहिला हिशेब. आमचा ॲम्प्लिफायर जुना, त्याला पी-३८चं भोक; माईक एक्सएलआरचा. तेव्हा एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला ते अशी वायर वेगळी घ्यावी लागली, स्टँड वेगळा, आणि ही सगळी रक्कम कोणत्या खात्यात दाखवायची यावर वार्षिक सभा अडली. बुवांचं म्हणणं, 'वाद्ये' या खात्यात. पखवाजाच्या काकांनी कडाडून विरोध केला: वाद्यात धरलं तर दसऱ्याला पूजा करावी लागेल, आणि ज्याला स्वतःहून एक सूर काढता येत नाही त्याच्यापुढे आपण हात जोडणार नाही. तूर्त माईक 'किरकोळ खर्च' या खात्यात, पताका आणि फिनाइल यांच्या मध्ये आहे. काका त्या नोंदीवर समाधानी आहेत.